मागीलदारचं तळं

आमच्या मागीलदारी न्हाणीचं पाणी पडतं तिथे अळू आहे. कोकणातल्या कुठल्याही जुन्या घरामागे गेलात तरी मांडणी हीच. न्हाणीच्या चिऱ्यातून बाहेर आलेली पन्हळ, तिच्याखाली काळपट चिखल, चिखलात अळू, त्याच्या कडेने कर्दळ आणि ओल जिथवर पोचते तिथवर केळी. याचा आराखडा कुणी काढलेला नसतो. आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, पाणी तिकडे जातं म्हणून अळू तिकडे आहे. केळीपलीकडची जमीन मात्र कोरडी ठणठणीत. दिवसाकाठी वीस-पंचवीस कळश्या पाणी त्या दहा-बारा पावलांत मुरतं, पिऊन होतं आणि पानांतून उडून जातं.

पुण्यातली नोकरी संपवून दापोलीजवळच्या या घरी कायमचा राहायला आलो, तेव्हा मला तळं हवं होतं. अळवाकडे मी पाहिलंही नव्हतं. डोळ्यांसमोर होतं ते गोल तळं, मधे कारंजं, कमळाची दोन पानं, लाल मासे. तसंच केलंही. चार फूट खोल खड्डा, उभ्या भिंती, आतून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा. खड्डा खणताना गवंड्याने एकदाच सांगितलं, "भाऊ, जांभा हाय हा. हितं पानी ऱ्हानार नाय." मी सिमेंटवर विश्वास ठेवला.

पहिल्याच उन्हाळ्यात गिलाव्याला केसासारखी चीर गेली. रोज सकाळी पाणी तीन बोटं उतरलेलं. उरलेलं पाणी मार्चमध्येच मटारच्या सुपासारखं हिरवं झालं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. हे सगळं मी सहन केलं असतं; पण एप्रिलमधल्या एका सकाळी मुंगसाचं पिल्लू तरंगताना दिसलं. पाणी प्यायला उतरलं असणार, आणि वर यायला पायरी नव्हती. भिंतीवर त्याच्या नखांचे ओरखडे होते. सिमेंटवरही ओरखडे उठतात, हे मला तेव्हा कळलं.

तळं बुजवलं, आणि पुढचं वर्षभर दुसऱ्यांची पाणी बघत हिंडलो.

जांभ्याबद्दल गवंडी बोलला त्यात शंभर टक्के तथ्य होतं. फ्रान्सिस ब्यूकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने केरळातल्या अंगाडीपुरमला हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव लॅटेराइट ठेवलं. खाणीतून काढताना कोयत्याने कापता येतो, उघड्यावर पडला की टणक होतो. आपल्याकडे त्याचे चिरे काढून घरं, बावी, गडगे, देवळं बांधली. पण त्याला आतून मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तालुक्यातल्या कित्येक वाड्यांना मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते, त्यात या छिद्रांचा वाटा मोठा आहे.

पुण्यात तीस वर्षं काढूनही कात्रजच्या तलावांकडे मी सहलीच्या नजरेनेच बघितलं होतं. आता नीट बघितलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, तिथे एकाखाली एक दोन तलाव बांधले. वरच्यात गाळ बसायचा, निवळलेलं पाणी खालच्यात उतरायचं आणि तिथून जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत पोचायचं. नळ कसला, आत माणूस चालत जाईल असा बोगदाच. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास. नळात कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडायची आणि नळाची सफाई करायला माणसाला उतरताही यायचं. पंप नाही, पाणी नुसतं उताराने जायचं. शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्याच्या सोळा पाकळ्यांचे फोटो सगळे काढतात. माझ्या मते त्या सगळ्या कारभारातली खरी अक्कल वरच्या तलावात आहे: पाण्याला आधी बसू द्यायचं, मग चालवायचं.

दुसरी फेरी कासच्या पठाराला. गर्दीच्या फुलांच्या दिवसांत न जाता ऑगस्टच्या धुक्यात गेलो. तेही जांभ्याचंच, पण तिथे कातळावर मातीचा थर जेमतेम वीतभर, कुठे दोन बोटं. खालचा कातळ सलग, त्यामुळे पावसाचं पाणी वरच तुंबतं आणि महिनोन् महिने पाय रुपतील अशी दलदल राहते. पाऊस मातीतलं सत्त्व धुऊन नेतो, म्हणून तिथल्या वनस्पतींनी पोटाची वेगळी सोय केलेली. दवबिंदूची पानं चिकट थेंबांनी किडे धरतात. ‘सीतेची आसवे’ हे निळं-जांभळं फूल वरून नाजूक; त्याच्या चिखलातल्या भागांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव त्यांच्या दारावरच्या केसाला लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो ओढला जातो. या सगळ्याला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या यादीत २०१२ साली कासचा समावेश झाला तो अशा बारक्या गोष्टींसाठी, हे रस्त्याकडेला गाड्या लावून सेल्फी काढणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं. तिथली रोपं घरी आणून जगतही नाहीत. उपाशी राहण्याची सवय असलेल्या झाडाला आपण खतावलेल्या चिखलात लावतो आणि ते मरतं.

कासहून परतताना डोक्यात बसलं ते असं की दलदल दोन जातींची असते. एक कातळावरची, भुकेली. दुसरी आमच्या न्हाणीमागची, पोट भरलेली. तळ्याला जोडायची ती दुसरी.

ही गोष्ट शास्त्रात काही नवी नाही. जर्मनीत कॅथे झायडेल या बाईंनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींकडून सांडपाणी शुद्ध करून घेण्याचे प्रयोग सुरू केले, तेव्हा पुष्कळांनी त्यांना हसण्यावारी नेलं. आज जगभर अशा कृत्रिम पाणथळी आहेत. आपल्याकडे नागपूरच्या नीरी संस्थेने फायटोरिड नावाने हेच तंत्र रुळवलं. झाडं पाणी ‘गाळतात’ असं आपण म्हणतो, पण निम्मं काम दगडांवरच्या बुळबुळीत थरातले जिवाणू करतात. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या पातेऱ्यातून अमोनिया सुटतो. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट हे झाडाचं जेवण. अळू ते खाईल किंवा शेवाळ खाईल. माझं पहिलं तळं हिरवं झालं, कारण तिथे जेवायला एकटं शेवाळच बसलं होतं.

मग दुसरं तळं. गवंडी तोच. या वेळी कागदावर मी तळ्याचं चित्र काढलं नाही, पाण्याची वाट काढली. घराच्या वळचणीपासून सुरुवात, आगरातल्या पोफळींपाशी शेवट, मधे साधारण दीड पुरुष उतार. या उतारावर एकाखाली एक: पागोळीचं पाणी बसवायला लहान हौद, त्याखाली चिखलवाफा, वाफ्यातून निघणारा नऊ मीटरचा वाकडातिकडा पाट, मग तळं, तळ्याच्या सांडव्यातून दुसरा पाट, आणि तो थेट नव्या अळवात. न्हाणीचं साबणाचं पाणी यात कुठेही मिसळायचं नाही, ते जुन्या अळवाकडेच. साबणाच्या पाण्याने तळ्यात पुन्हा सूप शिजलं असतं.

तळं लंबगोल, पाच मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद. काठाने वीतभर खोलीवर हातभर रुंदीची पायरी, तिच्याखाली गुडघाभर खोलीची दुसरी, आणि मधला डोह एक मीटरचा. एका अंगाला पायरीच नाही. तिथे गुरं नदीत उतरतात तसा लांबट, खडबडीत उतार. ती बाजू मुंगसांसाठी. पाणी एकूण आठ हजार लिटरच्या आसपास.

जांभ्यावर अस्तर लागणारच. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आल्यापासून शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद तालुक्याच्या गावीही मिळतो. पाचशे मायक्रॉनचा, स्वस्त, पण ताठ. वळणावर त्याच्या चुण्या पडतात आणि चुणीत गाळ साठतो. रबरी अस्तर मऊ बसतं, पण किंमत ऐकून मी परत कागदाकडेच आलो. मापाचा हिशेब सोपा: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही काठांवर अर्धा-अर्धा मीटर. म्हणजे आठ मीटर. रुंदीला तसाच हिशेब करून साडेसहा. खाली आधी चाळलेली माती, तीवर जुनी पोती. पोती अंथरण्याआधी बायकोने अनवाणी पायांनी सगळा खड्डा चालून बघितला. तिच्या पायाला टोचेल ते कागदालाही टोचेल. त्या फेरीत अकरा खडे निघाले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो काठ समपातळीत आणण्यात. गवंड्याने पाणसळ म्हणून पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून तो तळ्याभोवती हिंडू लागला. नळीतला बुडबुडा काढायला तो तिला चार चार टिचक्या मारायचा. बुडबुडा राहिला की पातळी चुकते. उत्तरेचा काठ दोन इंच खाली निघाला. मी म्हटलं, दोनच इंच ना. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि चिरा उचलला. पुढे पाणी भरल्यावर समजलं. काठ तिरका असता तर पलीकडच्या बाजूला काळ्या कागदाची दोन इंची पट्टी जन्मभर दिसत राहिली असती, आणि भरलेलं तळं सांडव्यातून न जाता उत्तरेकडून भलतीकडेच वाहिलं असतं. सगळा काठ जमिनीपासून चार बोटं वर उचलला, कारण पावसात अंगणातून येणारं लाल पाणी तळ्यात नको होतं.

चिखलवाफा नावापुरताच चिखलाचा; त्यात मातीचा कण नाही. तीन चौरस मीटरचा, म्हणजे तळ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. तळाशी भोकं पाडलेले दीड इंची पाइप, त्यांवर फूटभर अर्ध्या इंची खडी. तळ्याच्या डोहातला पंप पाणी त्या पाइपांत ढकलतो, पाणी खडीतून खालून वर चढतं, मुळांना भिजवत ओठावरून पाटात सांडतं. खडी धुवायला दोन माणसं दोन दिवस लागली. घमेल्याने उपसायची, पाणी मारायचं, पुन्हा उपसायची. तिसऱ्या दिवशी कंटाळून शेवटची चार घमेली मी तशीच ओतली. आठवडाभर तळं ताकासारखं पांढरं होतं.

लावलं ते सगळं इथलंच: वेखंड, ब्राह्मी, वाळा, लव्हाळा, कर्दळ आणि अर्थात अळू. मुळांची माती धुऊन. पाणकणीस मोहात पाडत होतं, पण त्याचे जमिनीतले कोंब सुईसारखे असतात, कागद भोसकतात. ते बादलीत ठेवलं. जलपर्णी एका स्नेह्याने ‘फुलं छान येतात’ म्हणून आणून दिली होती, ती उन्हात वाळवून नारळाच्या आळ्यात पुरली. उगाच पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, फेकली असती तर पुढची दहा वर्षं गावाने मला शिव्या दिल्या असत्या.

पंप साठ-सत्तर वॅटचा, सगळं पाणी दोन तासांत एकदा फिरवणारा. विजेच्या बोर्डावर गळती पकडणारा ब्रेकर हवाच, यात काटकसर नको. आणि पाइपात परतीचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. हा मी विसरलो होतो. पहिल्याच आठवड्यात रात्री लाइट गेली. पंप थांबला, वाफ्यातलं पाणी आल्या वाटेने पाइपातून मागे डोहात उतरलं, पाटातलंही आलं आणि काठोकाठ भरलेलं तळं सांडव्यातून वाहून गेलं. सकाळी लाइट आल्यावर पंपाने रिकामा वाफा पुन्हा भरला आणि तळं चार बोटं खाली. वर्षात किती वेळा लाइट जाते ते धरलं, तर एवढ्या एका चुकीने मी आगराला फुकट शिंपणं देत राहिलो असतो.

जुलैने खरी परीक्षा घेतली. एका सकाळी तळ्याच्या मधोमध काहीतरी काळं, गुळगुळीत वर आलं होतं. म्हैस पाण्यात बसल्यावर पाठ दिसते तसं. शेजारच्या काकू गडग्यावरून बघून म्हणाल्या, "अगो बाई, मगर काय पाळलीत की काय?" तो कागद होता. वरच्या अंगाने डोंगराचं पाणी जांभ्यातून झिरपत आलं आणि तळ्यातल्या पाण्याहून जास्त जोराने त्याने अस्तर खालून उचललं. जो जांभा पाणी धरत नाही, तोच ते असं भलत्या वेळी आणूनही देतो. गवंडी आला, बसला, विडी ओढली. मग भर पावसात तळ्याच्या वरच्या अंगाने कमरेइतका खोल चर मारला, त्यात खडी आणि भोकांचा पाइप घातला आणि त्याचं तोंड उताराला काढून दिलं. तासाभरात म्हैस बसली. हा चर आधी मारायचा असतो, हे आता मी प्रत्येकाला सांगतो.

त्याच महिन्यात सांडवाही दुप्पट रुंद केला. शंभर चौरस मीटरच्या कौलांवर दोनशे मिलिमीटरचा दिवस पडला की वीस हजार लिटर पाणी येतं, आणि तळं आठ हजारांचं. पावसाळ्यात पंपाची गरजच पडत नाही. पागोळी वरच्या हौदात, हौदातून वाफ्यात, तिथून पाटात. कात्रजचं मी इतकंच चोरलं आहे.

काकूंचा पहिला आक्षेप डासांचा. हा आक्षेप खोटा नाही, पण पत्ता चुकतो. वाहत्या पाटात डासाची अळी तगत नाही. तिला श्वास घ्यायला निश्चल पृष्ठभाग लागतो. डोहातल्या अळ्या चतुर आणि टाचण्यांची पिल्लं खातात, आणि ओढ्यातून आणलेले बोटभरही नसलेले, डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेले मासे खातात. गप्पी मी मुद्दाम टाळले. पुरात ते वाहून पऱ्ह्यात गेले की तिथल्या माशांच्या पोटावर येतात. डेंग्यूचा डास तळ्यापेक्षा नारळाच्या करवंट्यांत आणि पोफळीच्या गळालेल्या विऱ्यांत साचलेल्या ओंजळभर पाण्यात खुशाल वाढतो. काकूंच्या गडग्यामागे करवंट्यांचा ढीग होता. तो त्यांनी हलवला, पण माझ्या सांगण्यावरून हलवला हे काही कबूल केलं नाही.

दुसरा आक्षेप सापांचा. दिवड आली, हे खरं. बिनविषारी, बेडूक आणि मासे खायला येते. तिला हाकलायचं तर बेडूक हाकलायला हवेत, आणि बेडकांबाबत मी ऐकून घेणार नाही. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मोठे नर बेडूक हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतात आणि रात्रभर ओरडतात. याच जातीच्या तंगड्या एके काळी टनांनी परदेशी जायच्या; १९८७ साली ती निर्यात बंद झाली. सप्टेंबरअखेर आगरावर पिवळ्या चतुरांचे थवे घिरट्या घालतात. पुढे मालदीवमार्गे समुद्र ओलांडून ते पूर्व आफ्रिकेकडे जातात, असा अंदाज चार्ल्स अँडरसन या मालदीवमधल्या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडला. त्यांतल्या काहींनी माझ्या पायरीवर बसून पंख सुकवले असतील, असं मी पाहुण्यांना सांगतो.

उन्हाळ्याचा प्रश्न मात्र कुणी न विचारता माझा मलाच पडला. तळ्यातून उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तरी ते ऐंशी लिटर, म्हणजे सात कळश्या होतात. फेब्रुवारी ते मे मिळून तळ्यात आहे त्याहून जास्त पाणी वर ओतावं लागेल. खालच्या वाडीत टँकर येत असताना मी पाट खळाळता ठेवायचा? नर्सरीवाल्याने बोअरवेल सुचवली. मला त्यापेक्षा पऱ्ह्या जवळचा वाटला. तो काय करतो? शिमग्यापर्यंत वाहतो, मग तुटतो, मग नुसते कोंड उरतात आणि कोंडात मासे मृगाची वाट बघतात. तळ्याला तेच करू दिलं. शिमग्याला पंप बंद. वाफ्यातलं पाणी पूर्ण सोडून द्यायचं, कारण खडीत पाणी तुंबून राहिलं की कुजक्या अंड्याचा वास सुटतो आणि पुढे पंप चालू केला की ते सगळं तळ्यात उतरतं. पाट सुकतो. वरची पायरी उघडी पडते, वेखंड पिवळं पडतं. मेमध्ये राहतो तो डोह, कमरेच्या खाली पाणी, आणि त्यावर खंड्या, ढोकरी, पहाटे कोल्हा. मासे मोजकेच ठेवले म्हणून हे जमतं. लाल मासे असते तर जमलं नसतं.

पाहुणे मेमध्ये येतात आणि म्हणतात, तळं आटलं हो तुमचं. हो म्हणायचं.

या वर्षी गौरी-गणपतीच्या दिवसांत सांडव्याखालच्या अळवाची पानं सुपाएवढी झाली होती. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, त्यामुळे भाजीला परसातलंच अळू लागतं. सकाळी सातला काकू गडग्याशी उभ्या, हातात विळा.

"खालचं कापू की वरचं?" मी विचारलं.

"तळ्याखालचं दे. न्हाणीचं नको, खाजतं."

अळू खाजतं ते त्याच्या अंगातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, पाण्याचा त्यात संबंध नाही. म्हणूनच तर चिंच घालतात. हे सांगणार होतो, पण त्या तोवर सांडव्याच्या चिखलात उतरल्या होत्या, लुगडं खोचून, घोट्यापर्यंत.

"पाय कसे गार पडले," त्या म्हणाल्या, आणि कापायला वाकल्या.